शनिवारच्या टेबलावरची पेटी

मिस ओरेथा ट्रिमिअर गप्प बसली आहे, असं आमच्या मेकन गावात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. बोलण्यात तिचा हात धरणारं किद्रोन बॅप्टिस्ट चर्चमध्ये कुणी नव्हतं, आणि आमच्या चर्चमध्ये बोलणाऱ्यांची टंचाई आहे असं मुळीच नाही. एकतीस वर्षं तिने आठवीच्या पोरांना गणित शिकवलं, ते अशा आवाजात की शेजारच्या वर्गाचंही आपोआप सुधारावं. निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तरांनी माइक पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. "ह्याची गरज तुम्हाला आहे," म्हणाली.

रविवारी प्रवचनाच्या आधी आमच्याकडे साक्ष द्यायची वेळ असते. देवाने आपल्याला कशाकशातून ओढून बाहेर काढलं ते उभं राहून सांगायचं, आणि बाकीच्या मंडळींनी "सांग, सिस्टर, सांग!" म्हणत बोलणाऱ्याला उचलून धरायचं. काहींना तीन वाक्यांतच घाम फुटतो. मिस ओरेथा उठली की ऑर्गन वाजवणारा ब्रदर लेमुएल दोन्ही हात मांडीवर ठेवून निवांत टेकून बसे, कारण पुढची दहा मिनिटं आपल्याला काम नाही हे त्याला ठाऊक असे. तिच्या साक्षीत चिनीमातीच्या खाणीत राबून पांढरे झालेले वडिलांचे शर्ट असत, फोर्ट व्हॅलीच्या कॉलेजात एकाच स्कर्टवर काढलेलं वर्ष असे, नवरा हर्शेल गेला तो उन्हाळा असे. आणि सगळ्यांत शेवटी, मंडळींची सगळ्यांत लाडकी, शेगडीची गोष्ट असे.

"एक दहा वर्षांचं पोरगं होतं," ती सुरू करायची. "त्याच्या आईने नशेपायी घरातली गॅसची शेगडीसुद्धा विकून टाकली होती. ते पोरगं माझ्या टेबलाशी जेवायला आलं. मग ते मुकं झालं. एक शब्द बोलेना! आणि आज? आज तेच पोरगं देवाचा शब्द बोलतंय!" इथे अख्खं चर्च उभं राहायचं. नाव ती घेत नसे, पण सगळ्यांच्या माना पुलपिटकडे, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याकडे वळत, आणि तिथे बसलेला आमचा पाळक रेव्हरंड डेमेट्रिस गेल्स मान खाली घालून हसत असे.

ते टेबल म्हणजे शनिवारचं टेबल. त्याची सुरुवात रागातून झाली. मिस ओरेथाच्या शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसाठी एक बाक होता, आणि त्या बाकावर बघावं तेव्हा आपलीच काळी पोरं बसलेली. कुणी पेन्सिल आपटली म्हणून, कुणी डोळे वर करून पाहिलं म्हणून. इतर पोरांनी तेच केलं तर ती मस्ती, आपल्या पोरांनी केलं तर तो धोका. ती भांडली, अर्ज केले, बैठकांना गेली. शेवटी शाळेने मोडीत काढलेलं कँटीनचं लांबलचक टेबल तिने हर्शेलच्या मदतीने चर्चच्या तळघरात आणून टाकलं. "तुम्ही त्यांना बाकावर बसवा," तिने हेडमास्तरांना सांगितलं, "मी त्यांना टेबलाशी बसवते."

दर शनिवारी दहाला पोरं यायची. आधी पोटभर ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्यांची दाट पेज, आणि अंडी. मग कुंडीतल्या रोपाला पाणी घालत प्रत्येकाने आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं एक नाव मोठ्याने घ्यायचं. मग पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं. "देवालाही मध्ये बोलायला जागा ठेवा," मिस ओरेथा बजावायची, आणि ह्यावर पोरं एकमेकांना कोपरं मारायची, कारण ती पाच मिनिटं तिलाच सगळ्यांत जड जात. त्यानंतर समीकरणं, वाचन, आपल्या लोकांचा इतिहास, वादावादी. आणि उठायच्या आधी, कागद.

पिवळ्या कागदाचा चतकोर तुकडा प्रत्येकाला मिळे. जे तोंडाने सांगता येत नाही ते त्यावर लिहायचं, तीन घड्या घालायच्या, वर आपली खूण काढायची आणि पेटीत टाकायचा. ही पेटी हर्शेलची. त्यात त्याचे पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर असत. मिस ओरेथाने मागितली तेव्हा त्याने हत्यारं एका बादलीत ओतली आणि पेटीला कडी-कुलूप बसवून दिलं. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत. तिने एकही कागद कधी वाचला नाही. पोरगं अठराचं झालं, शाळा संपली, की त्याच्या खुणेचे सगळे कागद दोरीने बांधून त्याच्या हातात द्यायचे. मग त्याने ते जाळावेत, नाहीतर जपावेत. एका पोरीने स्वतःच्या लग्नाच्या पोशाखात शिवून घेतले होते.

ही कागदाची युक्ती तिला सुचली ती डेमेट्रिसमुळेच. तेव्हा त्याला सगळे मीट्री म्हणत. टेबलाशी आलेला तो पहिला पोरगा. पहिल्या वर्षी मे महिन्यात तो अचानक बोलायचा थांबला. कारण कुणालाच कळेना. आई लाव्हर्न वाया गेलेली, तिच्याकडून काय कळणार? तेव्हा मिस ओरेथाने त्याच्यापुढे कागद सरकवला. "बोलू नकोस. लिही. मी वाचणार नाही, देव वाचेल." आणि मीट्रीने लिहिलं. दर शनिवारी, न चुकता, अगदी थोडकं. दोनेक वर्षांनी हळूहळू बोलायलाही लागला. अठराव्या वर्षी आपलं पुडकं घेतलं, चर्चच्या मागे जाऊन जाळलं, हात झटकले आणि अटलांटाला धर्मशिक्षण घ्यायला गेला. तिशीत पाळक होऊन परत आला त्या दिवशी मिस ओरेथा इतकी रडली की शेजारी बसलेल्या मदर विली-बेलने, म्हणजे आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत जुन्या खोडाने, तिला दटावलं, "बये, ह्याला पाळक करतायत, पुरत नाहीयेत."

स्वतःचं मूल मिस ओरेथाला झालं नाही. त्या दुःखाची साक्ष तिने कधी दिली नाही, कारण मीट्री होता.

त्या वर्षी जूनच्या शेवटी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे जिना चढायचा-उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. टेबल बंद पडू द्यायचं नव्हतं. तिने साखळीतून किल्ली काढली आणि डेमेट्रिसच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या कुणाला देण्याचा विचारही तिच्या मनात आला नाही.

"फक्त कागद आत टाकायला उघडायची," ती म्हणाली.

"तुम्ही मला हे सांगताय, मिस ओरेथा?" तो म्हणाला. "मला?"

ऑगस्टचा पहिला रविवार म्हणजे आमचा होमकमिंग. गाव सोडून डेट्रॉइटला, शिकागोला गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात, मंडपात तळलेले मासे आणि भाजलेल्या गोड पीच-पायची रांग लागते, आणि चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नसते. मिस ओरेथा काठी टेकत आली आणि पाचव्या बाकावर मदर विली-बेलशेजारी बसली. समोर गाणाऱ्यांच्या क्वायरमध्ये जांभळ्या झग्यात तिच्या टेबलाची पोरं उभी होती. त्यांत पंधरा वर्षांची जनाया ओडम, बीजगणितात सगळ्यांत तल्लख आणि बोलण्यात सगळ्यांत कंजूष. जनायाची आजी दुसऱ्या बाकावर होती, चाकांवर ओढत आणलेल्या ऑक्सिजनच्या यंत्रासकट. आणि आजीशेजारी जनायाची आई तवांडा, कुणाची तरी पिवळी हॅट घालून. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. येणारा-जाणारा तिचा हात दाबत होता, आणि ती प्रत्येकाला जरा जास्तच वेळ "थँक यू" म्हणत होती.

डेमेट्रिसने त्या दिवशी बोलायला सुरुवात केली ती हळू आवाजात. "आपल्या लेकरांचं कोण ऐकतं?" त्याने विचारलं. "शाळा? पोलीस? आपण?" मंडळी हुंकार देऊ लागली. मग त्याने झग्याच्या खिशातून काही काढलं. पिवळे, चतकोर, तीन घड्यांचे.

 मिस ओरेथाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"देवा," डेमेट्रिसने वाचलं, "मागे पोलिसांची गाडी आली की हात कुठे ठेवायचे ते मला आठवत नाही." चर्चमधून एक लांब कण्हणं उठलं. हातातले पंखे जोरात हलू लागले. लेमुएलने ऑर्गनवर सूर धरला. क्वायरमधल्या एका पोराने आपले हात झग्यात लपवले. दुसरा कागद. बायका रडू लागल्या. मिस ओरेथा उठायला गेली, पण गुडघा वळेना आणि काठी बाकाखाली घरंगळली. "अगं, काय करतेस?" मदर विली-बेलने तिचा दंड धरला. "ऐक की, पोरगं काय सुंदर बोलतंय!"

तिसरा कागद.

"देवा, ममाला अजून थोडे दिवस तिकडेच ठेव. आजीच्या मशीनचा आवाज ऐकत मला झोप लागते. ममा घरी असली की मी जागी राहते."

ऑर्गन थांबला. लेमुएल इथलाच, त्याला कळलं होतं. आणि त्या शांततेत दुसऱ्या बाकावरचं ते यंत्र सगळ्यांना ऐकू आलं. घुर्र. घुर्र. आमच्या चर्चमध्ये असं यंत्र एकच आहे.

तवांडा उठली. तिने पिवळी हॅट काढली, बाकावर नीट ठेवली आणि मधल्या वाटेने कुणाकडेही न पाहता बाहेर गेली. ज्यांना काहीच माहीत नव्हतं ती डेट्रॉइटची माणसं अजून "थँक यू, जीझस!" ओरडत होती. जनाया क्वायरमध्ये जागच्या जागी उभी होती. तिने पाळकाकडे पाहिलं नाही, आईच्या पाठीकडे पाहिलं नाही. ती मिस ओरेथाकडे बघत होती. किल्ली गळ्यात असलेल्या बाईकडे पोरांनी जसं बघावं तसंच बघत होती, आणि त्या गळ्यात किल्ली नव्हती.

मंगळवारी मिस ओरेथा डेमेट्रिसच्या चर्चमधल्या खोलीत गेली. त्याने उठून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"किती वाचलेस?"

"मिस ओरेथा, बसा ना आधी. तुमचा पाय..."

"पायाचं मी बघते. किती वाचलेस?"

"सगळे."

"सगळे!" तिचा आवाज वरच्या मजल्यावर पोचला असेल. "बावीस वर्षांत माझं एक बोट लागलं नाही त्यांना, आणि तू सहा आठवड्यांत सगळे वाचलेस? आणि वर होमकमिंगला वाटलेस, पीच-पायचे तुकडे वाटावेत तसे?"

"मी नावं नव्हती घेतली."

"नावं! ऑक्सिजनचं मशीन कुणाच्या घरी आहे ते शोधायला काय लोकांना डेट्रॉइटला जावं लागणार होतं?"

डेमेट्रिसने डोळे चोळले. दोन रात्री त्याला झोप नव्हती, हे दिसत होतं. ओडमांच्या दाराशी तो तीनदा जाऊन आला होता. दार उघडलं नव्हतं. "ते मशीनचं माझ्या लक्षात आलं नाही," तो म्हणाला. "देवाशपथ आलं नाही. पण लोक हलले, मिस ओरेथा. अकरा जण रडत पुढे आले. पोरांच्या मनात काय चाललंय ते ह्या गावाने पहिल्यांदा ऐकलं."

"तुला पोटच्या पोरासारखं मानलं मी." आता तिचा आवाज फुटला. "माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती, त्या पोरांचा विश्वास. ती तुझ्या हातात ठेवली. दुसऱ्या कुणी केलं असतं ना, तर मी त्याला नुसता चोर म्हटलं असतं. तू दगा दिलास, मीट्री."

 तो खिडकीकडे बघत म्हणाला, "नाव मी घेतलं नाही. तुम्हीही घेतलं नव्हतं."

"काय?"

"मे महिन्यातला मदर्स डे. मी दहा वर्षांचा होतो. मला कविता म्हणायची होती. हर्शेलकाकांचा निळा टाय तुम्हीच बांधला होतात मला. कवितेच्या आधी तुम्ही साक्षीला उठलात. 'एक पोरगं आहे, त्याच्या आईने शेगडीसुद्धा विकून टाकली.'" तो तिची नक्कल करत नव्हता, पण शब्द अगदी तिचेच होते. "शेगडी कुणाच्या घरी नव्हती, ते शोधायलाही कुणाला डेट्रॉइटला जावं लागलं नाही."

मिस ओरेथाने आता खुर्चीची पाठ धरली.

"ममा माझ्या शेजारी बसली होती," तो सांगत होता. "त्या दिवसासाठी ती दोन दिवस शुद्धीत राहिली होती. माझा हात धरून बसलेली. तुम्ही 'शेगडी' म्हणालात आणि तिने माझा हात सोडला. पुन्हा ती ह्या चर्चमध्ये आली ती चार वर्षांनी, शवपेटीतून."

"मी... मला वाटलं लोक मदत करतील. मी चांगल्यासाठीच..."

"माहीत आहे. मीसुद्धा."

"म्हणजे तू सूड घेतलास?"

"नाही हो." तो दुखावल्यासारखा तिच्याकडे वळला. "निदान मला तसं वाटत नाही. मला खरंच वाटलं, हे असंच करायचं असतं. ज्याच्यावर आपली माया असते त्याची गोष्ट उभं राहून सांगायची, म्हणजे देवाची स्तुती होते. तुम्ही बावीस वर्षं माझी सांगत आलात. मी समोर बसून हसत आलो. दुसरं काही मला कुणी शिकवलंच नाही."

"मला एकदा सांगायचं होतंस, मीट्री. एकदा तरी!"

"सांगत होतो की. दर शनिवारी. ते तुम्ही वाचत नव्हतात, ही तुमची भलाई." तो कसनुसं हसला. "माझ्या पुडक्यात चारशेच्या वर कागद होते, मिस ओरेथा. सगळ्यांवर एकच ओळ. 'देवा, मिस ओरेथाला गप्प कर.'"

त्याने टेबलाच्या खणातून किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलली आणि घरी आली. वाटेत हात करणाऱ्या शेजाऱ्यांना तिने ओळख दिली नाही. तिचा राग गेला नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. डेमेट्रिसने दगा दिला तो दिलाच. एका पोरीची आई त्या दगाबाजीपायी घर सोडून गेली होती. पण आता तो राग नुसता त्याच्यावर काढता येईना, आणि स्वतःवर रागवायची तिला सवय नव्हती. रात्रंदिवस मनात एकच चित्र येई. निळा टाय बांधलेलं पोरगं, कविता पाठ करून आलेलं, आणि पुलपिटपुढे हात वर करून उभी असलेली, लोकांचं "सांग, सिस्टर!" अंगावर घेणारी ती स्वतः. त्या दिवशी ती किती सुखात होती ते तिला लख्ख आठवत होतं. पोरगं मुकं का झालं, ह्याचं उत्तर बावीस वर्षं ती सगळ्यांकडे मागत होती.

शनिवारी ती जिना एकेक पायरी बसत उतरली. चौदा पोरांच्या मापाने ग्रिट्स शिजवले, अंडी केली, कुंडीशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. दहा वाजले. साडेदहा वाजले. कुणी आलं नाही. ग्रिट्सवर साय धरली.

अकराला जनाया आली. दारातच थांबली.

"ये बाळा. गरम करून देते."

"खायला नाही आले मी. माझे कागद द्या."

मिस ओरेथाने पेटी उघडली. जनायाची खूण त्रिकोण. तिने एकेक कागद बाजूला काढला. जनायाने ते मोजले नाहीत, नुसते पाहिले. "एक कमी आहे."

"तो रेव्हरंडकडे राहिला. मी आणून देते."

"राहू दे. तो आता सगळ्यांकडेच आहे."

मिस ओरेथाने पेटीचं झाकण लावलं. 

"ममा मावशीकडे निघून गेली, सव्हानाला," जनाया म्हणाली. "माझा फोन घेत नाही. मी तो कागद मार्चमध्ये लिहिला होता. ती यायच्या आधी. आल्यावर मी जागी राहत नव्हते. आल्यावर चांगलं चाललं होतं." तिने कागद दप्तरात कोंबले. "तुम्ही कधी वाचला होतात?"

"नाही. एकसुद्धा नाही."

"मग किल्ली का दिलीत?"

"माझा त्याच्यावर विश्वास होता."

"माझा तुमच्यावर होता." ती वळली, पण पायरीवर पुन्हा थांबली. "आणि उद्या तुम्ही साक्षीला उठणार. मला माहीत आहे. रडणार, माफी मागणार. सगळे 'सांग, सिस्टर' करणार, आणि परत सगळे माना वळवून आजीकडे आणि माझ्याकडे बघणार. मी दारापाशीच बसणार आहे. तुम्ही तोंड उघडलंत की मी बाहेर."

ती गेल्यावर मिस ओरेथा त्या लांब टेबलाशी एकटी बसून राहिली. जनायाने अचूक हेरलं होतं. आठवडाभर ती उद्याची साक्षच मनात जुळवत होती. आधी स्वतःची चूक, मग लाव्हर्नची माफी, मग मीट्रीची, मग जनायाची, सगळ्यांसमक्ष, काही न लपवता. काल रात्री तर शेवट असा जमला होता की तिचं तिलाच रडू आलं होतं. आयुष्यात इतकी खरी साक्ष तिने कधी तयार केली नव्हती.

रविवारी चर्च खचाखच भरलं. गावात एक आठवडा दुसरा विषय नव्हता, आणि आज मिस ओरेथा बोलणार हे सगळे धरून चालले होते. जनायाची आजी दुसऱ्या बाकावर. जनाया अगदी मागे, दरवाजाच्या मुठीवर हात ठेवून बसलेली. डेमेट्रिस पुलपिटवर उभा राहिला. ह्या आठवड्यात तो वाळला होता.

"आज देवाच्या भलाईची साक्ष कोण देणार?" त्याने विचारलं, आणि त्याची नजर पाचव्या बाकावर येऊन थांबली.

मदर विली-बेलने कोपर मारलं. "ऊठ की. सगळे खोळंबलेत."

मिस ओरेथा उठली. पायांना सवयच तशी. "सांग, सिस्टर!" कुणीतरी हाक दिली. "सांग, सांग!" लेमुएलने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो टेकून बसला. तिने छाती भरून श्वास घेतला. सगळं तोंडात तयार होतं, पहिलं वाक्य तर ओठावर होतं. तेवढ्यात तिचं लक्ष डेमेट्रिसकडे गेलं. त्याचा हात आपोआप गळ्याशी, टायच्या गाठीशी गेला होता. मागे दरवाजाची मूठ कुरकुरली.

मिस ओरेथाने तोंड मिटलं. पुढच्या बाकाला धरून, दुखरा गुडघा सांभाळत, ती खाली बसली.

कुणाला काय करावं ते कळेना. लेमुएलने ऑर्गनकडे हात नेले आणि परत मांडीवर ठेवले. "बरं नाही का गं तुला?" मदर विली-बेलने घाबरून तिचं कपाळ चाचपलं. तिने नुसती मान हलवली. चर्च इतकं शांत झालं की दुसऱ्या बाकावरचं यंत्र ऐकू येऊ लागलं, आणि ह्या वेळी कुणी मान वळवली नाही. मागे दरवाजाची मूठ सोडल्याचा आवाज झाला.

डेमेट्रिस पुलपिटच्या कडा घट्ट धरून उभा होता. त्याने ऑर्गनकडे खूण केली नाही, पुढचं गाणं पुकारलं नाही. बऱ्याच वेळाने, अगदी हळू, पुढच्या दोन बाकांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तो एकटाच "आमेन" म्हणाला.